भागुचा ऱ्हस्व उकार

ता. राळेगाव, जि. यवतमाळ
२३ नोव्हेंबर

प्रिय शालू,

नमस्कार आणि जय ख्रिस्त, दोन्ही घे.

तुझं पाकीट परवा पोस्टमननं थेट वावरात आणून दिलं. कापसाची पहिली वेचणी सुरू होती. बायांनी सकाळीच सीतादही केलं, पऱ्हाटीला कुंकू लावलं, बुडाशी दहीभात ठेवला. आमच्यात हे नाही, पण राबणाऱ्या बायांचा शकुन मी कशाला मोडू? आबा मात्र त्या वेळी बांधावर पाठ करून बसतात आणि दहीभात वाटायची वेळ झाली की बरोबर वळतात. बोंडाच्या काट्यांनी माझी बोटं सोलली होती, म्हणून पाकीट दातांनी फाडलं. पानं काढली तर लाल, लाल आणि लाल. तीस वर्षं मराठी शिकवून निवृत्त झालीस तरी हात काही बसत नाही तुझा.

माझ्या पणजीवरच्या, भागुवरच्या कादंबरीची चारही प्रकरणं तू दोनदा वाचलीस हे समासातल्या खुणांवरून कळतं. त्याचे उपकार मानते आणि आता भांडते. लाइट रात्री दहाला आली, पंपावर जायचंच होतं, तेव्हा झोपेचं नुकसान आधीच झालेलं आहे.

तू लिहितेस, भागुला विधवा कर, तिचं केशवपन दाखव, वाचक पहिल्याच पानावर रडेल. रडेल गं. पण ते दुःख ब्राह्मणाघरचं. बाबा पदमनजींची १८५७ सालची ‘यमुनापर्यटन’ आपण दोघींनी एकाच वर्षी अभ्यासाला वाचली. मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात, लिहिणारा ख्रिस्ती, विषय विधवांचे हाल, आणि शेवटी यमुना स्वतः विधवा होते, ख्रिस्ती होते, पुन्हा लग्न करते. तेव्हापासून ख्रिस्ती बाईची गोष्ट म्हटली की बोडकी विधवा, मग बाप्तिस्मा, मग पुनर्विवाह, असा साचाच पडला. साचा खोटा नाही, पण त्यात आमची भागु बसत नाही. नदीकाठच्या कष्टकरी जातींत नवरा मेला तर बाईचा पाट लागायचा, म्हणजे दुसरं लग्न. केस कोण काढतो? निंदायला, वेचायला दोन हात हवेत. तिला डोकं भादरून कोपऱ्यात बसवायची चैन परवडणार कुणाला? अडायचं ते नवरा जिवंत असला की. त्यानं फारकत दिल्याशिवाय पाट नाही. आणि देणाराच सापडत नसला तर?

आता तुला रजिस्टरबद्दल नीट सांगते. मागच्या पत्रात नुसतं ‘कागद सापडले’ असं लिहिलं होतं, कारण आबा शेजारी बसले होते.

आमच्या पाळकसाहेबांना पावसाळ्यात कपाटाला वाळवी लागलेली दिसली, म्हणून त्यांनी मंडळीची जुनी रजिस्टरं उन्हात टाकली. नदीपलीकडच्या एका बंद पडलेल्या मिशनची दोन त्यातच होती. कडा खाल्लेल्या, शाईचा रंग चहासारखा झालेला. बाप्तिस्म्याच्या रजिस्टरात सप्टेंबर १९००. एका पानावर नावं, वयं अंदाजानं, आणि बापाच्या रकान्यात ओळीनं मयत, मयत, मयत. आमची सातवी. भागी, वय अदमासे १५, नवं नाव रूथ. जातीचा रकाना आहे, तो इथं उतरवत नाही. आबांना आवडायचं नाही. नवऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द: ‘बेपत्ता. जिवंत?’ ते प्रश्नचिन्ह कागदात रुतलेलं आहे. लिहिणाऱ्यानं टाक दाबला असावा. शेवटी अंगठ्याचा ठसा, आणि ठशातून तिरपी गेलेली पांढरी चीर. जुन्या जखमेची. दुष्काळी कामावर गिट्टी फोडताना हातोडा अंगठ्यावर बसला, असं मी लिहिलंय. खरं काय ते त्या अंगठ्याला माहीत.

आमच्या घरात चार पिढ्या एकच सांगतात: भागुआजीचा नवरा दुष्काळात पटकीनं गेला. मी आबांना ती ओळ वाचून दाखवली. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “सायबानं चुकून लिहलं असन.” आणि उठताना, “तू आपली विधवाच लिहिजो.”

बघ, तू आणि आबा एकाच बाजूला आहात. असं आयुष्यात पहिल्यांदाच झालं असेल.

आबांचं मी समजू शकते. विधवा म्हटलं की बिचारी. नवरा हयात असताना दुसरा केला म्हटलं की लोक अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या माणसाकडंसुद्धा वळून बघतील. पण लग्नाच्या रजिस्टरात १९०६ मध्ये तिचं लग्न आहे. म्हणजे मधली सहा वर्षं ती ना सवाशीण, ना विधवा, ना परित्यक्ता म्हणावं तर तसा कुठं कागद. माझी अर्धी कादंबरी त्या सहा वर्षांत आहे. ती गाळून टाकली तर उरतं काय? नाताळच्या नाटकाएवढं.

तू विचारलंस की ते दोन कायद्यांचं डोक्यावरून गेलं, सोपं करून सांग. सांगते.

१८६६ साली इंग्रज सरकारनं धर्मांतर केलेल्यांसाठी एक कायदा केला. नवराबायकोतलं एक ख्रिस्ती झालं आणि त्यामुळं दुसऱ्यानं सहा महिने संबंध तोडला, तर ख्रिस्ती झालेल्यानं कोर्टात जायचं. कोर्ट त्या दुसऱ्याला बोलावून विचारणार, नांदतोस का? नाही म्हणाला तर वर्षभर थांबायचं, पुन्हा विचारायचं, तरी नाही म्हणाला तर लग्न मोडलं. दोघंही दुसरं करायला मोकळे. माझ्या कादंबरीत भागुचा नवरा सापडतो तो नागपूरला एम्प्रेस मिलमध्ये. कापसाच्या मागं माणसं जायची तशी गेलेला. जज्ज विचारतो, हिला नांदवणार? तो म्हणतो, “बाटलेली बाई मले काहून पायजे?” तो अपमान करायला म्हणाला आणि नेमकं तेच वाक्य तिला सोडवून गेलं. हे प्रकरण मी एका बैठकीत लिहिलं. लिहिताना हसू येत होतं.

पुढं तीनच वर्षांनी, १८६९ मध्ये, त्याच सरकारनं ख्रिस्ती लोकांचा घटस्फोटाचा कायदा केला. त्यात नवऱ्याला बायकोचा व्यभिचार तेवढा दाखवला की पुरे. बायकोला मात्र नुसता व्यभिचार दाखवून भागत नव्हतं. त्याच्या जोडीला मारझोड दाखवायची, नाहीतर दोन वर्षं टाकून दिल्याचं दाखवायचं. आणि नुसती मारझोड असेल तर? फार तर वेगळं राहायचा हुकूम मिळणार. लग्न कायम.

या कायद्याची गाठ कुणाला पडली ते तुला सांगायला नको. १९९३ मध्ये माझ्यासोबत वकिलाच्या ऑफिसात तूच होतीस. तो काय म्हणाला होता? “मारतो ते ठीक आहे बाई, पण बाहेर कुठं जातो का?” ठीक आहे! मी म्हटलं, नाही हो, तो कुठंच जात नाही, तेच तर दुखणं आहे. त्या रविवारी उपासनेत डोळे मिटून मी काय मागितलं ते आजवर तुलाही सांगितलं नव्हतं. प्रभू, माझ्या नवऱ्याला एखादी बाई मिळू दे. पुढच्या बाकावरच्या पाळकबाई नेमक्या त्याच वेळी मोठ्यानं ‘आमेन’ म्हणाल्या.

पुढचं तुला पाठ आहे. वेगळं राहायचा हुकूम घेऊन बसले. १९९७ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठानं बायकांवरची ती जोड-अट काढली, म्हणून पुन्हा अर्ज. २००० मध्ये जिल्ह्याला निकाल, तरी तो पक्का नाही, कारण त्याच जुन्या कायद्यात हायकोर्टाच्या तीन न्यायाधीशांचं शिक्कामोर्तब लागायचं. २००१ मध्ये दिल्लीनं कायदा बदलला, तेव्हा ती अटही गेली आणि दोघांच्या संमतीनं सुटायची सोयही आम्हाला तेव्हाच मिळाली. त्या आठ वर्षांत गावात आई सगळ्यांना सांगायची, जावई बाहेरगावी असतात. भागुचा बेपत्ता, माझा बाहेरगावी.

म्हणून तू जे म्हणतेस की आजच्या काळातली नायिका दुसरी कुणी घे, शहरातली, संशोधन करणारी, लॅपटॉपवाली, ते मला जमत नाही. दोन काळांच्या कादंबऱ्यांत ती मुलगी नेहमी असते. तिला माळ्यावर पेटी सापडते, पेटीत पत्रं, आणि तीन प्रकरणांत तिचा स्वतःचाही प्रश्न सुटतो. वाचक धरून चालतो की जुनी बाई बांधलेली आणि नवी सुटी. माझ्याकडं उलटं पडलंय. पणजी १९०६ मध्ये सुटली आणि मी २००१ पर्यंत तिच्याच वेळच्या कायद्यात अडकले. हे उलट पडलेलंच मला लिहायचंय.

भागुचं गाव नदीपलीकडं का, हेही तू विचारलंस. रजिस्टर तिकडचं आहे हे एक. शिवाय १९०० मध्ये आमचा हा काठ वऱ्हाड, म्हणजे नावाला निजामाचा, कारभार इंग्रजांचा. तो काठ मध्यप्रांत. १९०३ पासून दोन्ही एका कारभाराखाली आले. कायद्याची गोष्ट तिकडं ठेवली की मला कमी खुलासे करावे लागतात. आणि वर्धा नदी मला हवीच होती. १८९९ चा पाऊस बुडाला, म्हणून १९०० च्या उन्हाळ्यात मी तिला कोरड्या पात्रातून चालवलंय, तापल्या वाळूत पायाला पळसाची पानं बांधून. ज्वारी नाही, मोहफुलं संपलेली, अंगावर काय ते लुगडं. शेवटी मिशनला लग्न करून इकडच्या काठावर येते तेव्हा नदी भरलेली आहे आणि डोंगेवाला पैसे मागतो. तेवढ्यात मला तिचा सगळा प्रवास सांगता येतो.

पंडिता रमाबाईंना आण, असं तू दोन ठिकाणी लिहिलंयस. अगं, आणलं होतं. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्यप्रांतात खरंच हिंडल्या. शेकडो पोरी, तरण्या विधवा त्यांनी गोळा करून नेल्या, त्यांतूनच केडगावचं मुक्ती मिशन उभं राहिलं. त्यांचे स्वतःचे आईबाप १८७४ मध्ये दक्षिणेकडच्या दुष्काळात उपाशी गेले होते. उपास म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगावं लागलं नाही. मी काळ तीन वर्षं मागं ओढला, भागुला त्यांच्याबरोबर आगगाडीत बसवलं, केडगावच्या छापखान्यात खिळे जुळवायला लावले. तिथं बाया टाइप जुळवायच्या, छपाई करायच्या, आणि रमाबाईंनी मूळ हिब्रू-ग्रीकवरून केलेलं बायबल अखेर १९२४ मध्ये तिथंच छापून झालं, त्या गेल्यावर दोन वर्षांनी. किती सुंदर प्रकरण झालं असतं! झालंही होतं. पण वाचून बघते तर अठरा पानं रमाबाईच बोलतायत आणि भागु डब्याच्या कोपऱ्यात गप्प. वडाखाली दुसरं काही वाढत नाही. चुलीत नाही घातलं, पिशवीत ठेवलंय, येशील तेव्हा वाच.

मिशनच्या मडमबाईला तू तारणहार करू पाहतेस. तिला मी देवदूत करणार नाही, कैदाशीणही करणार नाही. पोटभर जेवू घालायची, डोकं दुखेस्तोवर शिस्त लावायची. मराठी बरं बोलायची. पण एक शब्द तिला कधी कळत नाही, तो म्हणजे मोकळी. तिच्याकडं तारण आहे, मुक्ती आहे. भागुला हवंय ते मोकळं होणं. आपल्याकडं वेचणी झाली की वावर मोकळं, बाई बाळंत झाली की मोकळी. रोशनीच्या वेळी दवाखान्याच्या दारातून आईनं विचारलं होतं, “झाली का वं मोकळी?” आणि २००० मध्ये निकालाचा कागद घेऊन मी एसटीतून उतरले तेव्हाही तिनं हेच विचारलं, अगदी त्याच आवाजात. माझ्या भागुच्या तोंडी ‘स्वातंत्र्य’ हा शब्द पाचही ठिकाणी तू घातलायस, तो पाचही ठिकाणी काढते.

आता तुझी खरी तक्रार: यात प्रेम कुठाय?

कवी ना. वा. टिळकांचं बघ. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना त्यांना गाडीत एका गोऱ्यानं नवा करार दिला, १८९५ मध्ये ते ख्रिस्ती झाले, आणि लक्ष्मीबाई पोराला घेऊन वेगळ्या राहिल्या, चांगली चार-पाच वर्षं. मी तुला वर सांगितला तो १८६६ चा कायदा तेव्हा लागू होता. टिळकांनी तो वापरला नाही. थांबले. लक्ष्मीबाई आपल्या पायांनी, आपल्या वेळेला आल्या, आणि पुढं ‘स्मृतिचित्रे’त हे सगळं असं लिहून गेल्या की रडायच्या जागी हसू येतं. थांबणं हेही प्रेमच की. भागुच्या गोष्टीतही एक माणूस थांबलाय. तुला तो दिसला नाही, कारण मी त्याला बोलायला फार कमी दिलं. ती चूक माझी.

तो मिशनचा बंडीवाला. देवीचे व्रण तोंडावर, वयानं तिच्याहून दहा वर्षं मोठा, आधीची बायको १९०० च्याच उन्हाळ्यात गेलेली. पाचवं प्रकरण कालच पुरं केलं, ते सोबत पाठवते, त्यात तो आहे. हिंगणघाटला जिनिंगपुढं कापसाच्या बंड्यांची रांग लागलीय, नंबर रात्रीशिवाय येत नाही. भागु बंडीच्या सावलीत बसून रूथचं पुस्तक वाचते, अजून बोट ठेवून, अक्षर अक्षर लावत. मिशननं हेच नाव तिला का दिलं ते तिला त्या दिवशी कळतं: गोष्टीची सुरुवातच दुष्काळानं होते. बवाजाच्या शेतात रूथ कापणाऱ्यांच्या मागं सरवा, म्हणजे पडून राहिलेली कणसं, वेचते, तिथं ती येते आणि तो बैलाची वेसण धरून हसायला लागतो. “देवाच्या पुस्तकात सरवा? आपला सरवा?” त्याला वाचता येत नाही. तो तिला ती ओळ पुन्हा वाचायला लावतो. मग आणखी एकदा. रांग पुढं सरकते, मागचा बंडीवाला शिव्या देतो.

एवढंच आहे. तुला मिठी हवी असेल तर ती मला लिहिता येत नाही आणि कापसाच्या बंडीवर ती बसतही नाही.

रूथनं जे म्हटलं, तू जाशील तिथं मी येईन, तुझा देव तो माझा देव, ते आमच्याकडं लग्नांत हमखास वाचतात. माझ्याही लग्नात वाचलं. मूळ गोष्टीत ती ते नवऱ्याला नाही, सासूला म्हणते. हे मी वयाच्या पन्नाशीत नीट पाहिलं. यावर एखादं प्रकरण होईल का, सांग.

येशू फार झाला, वाचकांना खटकेल, असं तू शेवटी हळूच पेन्सिलीनं लिहिलंयस. लाल पेन नाही वापरलंस तिथं, ते मला कळलं. पण शालू, दिवाळी अंकातल्या गोष्टीत विठोबा आला की तो कुणाला फार होत नाही. भागु भाकरीसाठी मिशनमध्ये गेली हे मी लपवलेलं नाही. पहिलं वर्षभर तिला प्रार्थनेत फक्त ‘रोजची भाकर’ एवढंच समजतं आणि ते ती मनापासून म्हणते. मग कधीतरी बाकीचंही तिचं होतं. कधी, ते तिलाही नक्की सांगता यायचं नाही. ज्यांना तिला बाटलेली म्हणायचंय ते म्हणतील, ज्यांना तारलेली म्हणायचंय तेही म्हणतील. दोघांनाही मी तिच्या तोंडून काही उत्तर देणार नाही.

आबांना पाचवं प्रकरण वाचून दाखवलं. नवऱ्याचं कोर्टातलं वाक्य आलं तेव्हा मी मुद्दाम थांबले नाही, वाचत गेले. सरव्याच्या जागी ते म्हणाले, “माझ्या आज्यालाही वाचता येत नव्हतं.” बाकी काही नाही. सकाळी चहाच्या वेळी विचारलं, “ते सही कुठं हाय म्हनत होती?”

ती सही तुला सांगायची राहिली. लग्नाचं रजिस्टर, १९०६. नवऱ्याच्या पुढं अंगठा. बायकोच्या पुढं सही. मोठी, वाकडी, रकान्याबाहेर गेलेली, ‘रूथ’ तर आहेच, पण त्याच्या आधी कुणी न सांगता ‘भागु’. लिहिणाऱ्या साहेबानं वर ‘भागी’ लिहिलंय, बाप्तिस्म्यातही भागीच. घरात तिला भागु म्हणत असणार, म्हणून तिनं भागु लिहिलं, तिला जसं ऐकू येत होतं तसं.

तू चारही प्रकरणांत तो उकार दीर्घ केलायस. मोजला मी, एकशे बारा ठिकाणी. व्याकरण तुझं बरोबर आहे. पण तो तसाच राहू दे, सही तिची आहे.

डिसेंबरात तूर काढायच्या आधी ये. ओल्या तुरीच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून ठेवते. रजिस्टर पाळकसाहेबांनी नाताळापर्यंतच ठेवून घ्यायला परवानगी दिलीय.

तुझीच,
विमल